अडीच ओळींचं उदाहरण

दिसायला ते अगदी किरकोळ असतं. स्वाध्यायाच्या पानावर चौथ्या-पाचव्या नंबरला अडीच ओळींत मावणारं, अंगावर दोन आकडे आणि शेवटी 'काढा' किंवा 'किती?'. 'एक बस विरामावस्थेतून निघून 20 सेकंदांत ताशी 36 किलोमीटर वेग घेते. बसचं त्वरण आणि तेवढ्या वेळात तिने कापलेलं अंतर काढा.' एवढं बोलून ते गप्प बसतं. त्याच्यासमोर वही उघडून बसलेलं नववीतलं पोर त्याच्याहूनही गप्प होतं.

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जून सरता सरता. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा पहिल्या पावसामागे कापसाच्या लागवडीची धांदल असते. घरात माणूसबळ कमी असलं की पोरंही दोन-चार दिवस सरकी टोबायला वावरात जातात आणि मग शाळेत येतात. बालभारतीच्या 2017 सालच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'गतीचे नियम' हा आहे. त्यामुळे हाताला अजून ओल्या मातीचा वास असताना, नवं पुस्तक उघडताच हे उदाहरण भेटतं. विज्ञानाच्या दाराशीच ते उभं असतं. त्याला ओलांडून पुढच्या धड्यांकडे जायचं, तर त्याच्याशी बोलावं लागतं.

"सर, सुरू कुठून करू जी?"

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं जूनच्या अखेरीस हे हमखास विचारतात, आणि मला हा प्रश्न फार खरा वाटतो. 'येत नाही' असं ते पोर म्हणत नसतं. त्याला भागाकार येतो, गुणाकार येतो, तिन्ही सूत्रं त्याने पाठ केलेली असतात. पण इतिहासाचा किंवा जीवशास्त्राचा प्रश्न धड्यात वाचलेल्या कशाबद्दल तरी असतो. आठवलं की लिहायचं. या उदाहरणातली बस धड्यात कुठेच नव्हती. ती आत्ताच, या पानावर, पहिल्यांदा सुटली आहे. आठवण्यासारखं काही नाही, म्हणून मुलाला वाटतं की आपल्याजवळ काहीच नाही.

खरं तर या उदाहरणाइतकं सरळ मनाचं कोणी नाही. ते मितभाषी आहे, इतकंच. जे सांगायचं ते एकदाच सांगतं, निम्मं आकड्यांत आणि निम्मं शब्दांत. मुलं घाईने आकडे उचलतात आणि शब्द तिथेच टाकून देतात. वरच्या उदाहरणात त्यांना दोनच आकडे दिसतात, 20 आणि 36. मग 36 ला 20 ने भागायचं की गुणायचं, एवढाच प्रश्न उरतो. तिसरा आकडा शब्दांच्या पोटात बसलेला असतो. 'विरामावस्थेतून निघून' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. 'ब्रेक लावल्यावर थांबते' असं म्हटलं की शेवटचा वेग शून्य. 'एकसमान वेगाने जाते' म्हटलं की त्वरण शून्य. 'गच्चीवरून दगड सोडला' या तीन शब्दांत तर दोन गोष्टी आहेत: सुरुवातीचा वेग शून्य आणि त्वरण 9.8, खालच्या दिशेने. किती शून्य हे उदाहरण न लिहिता देऊन जातं! ज्याला ते शून्य ऐकू येत नाहीत, त्याला वाटतं की माहिती अपुरी आहे.

म्हणून सुरुवात सूत्रापासून करायची नाही. वहीच्या डाव्या कडेला पाच अक्षरं एकाखाली एक लिहायची: यू, व्ही, ए, एस, टी. यू हा सुरुवातीचा वेग, व्ही शेवटचा वेग, ए त्वरण, एस विस्थापन, टी वेळ. मग उदाहरण पुन्हा वाचायचं, पण आता पेन्सिल हातात धरून, आणि त्यातला एकेक शब्द ज्याचा त्याच्यापुढे नेऊन बसवायचा. यूपुढे 0. व्हीपुढे 36. टीपुढे 20. ए आणि एसपुढे प्रश्नचिन्ह. बाजूला एक आडवी रेघ, तिच्या डाव्या टोकाला 'इथून निघाली', उजव्या टोकाला 'इथे पोचली', आणि वर बाण. अजून एकही सूत्र लिहिलेलं नाही, तरी ते पोर आता उदाहरणाच्या बाहेर उभं नसतं. ते रस्त्याच्या कडेला उभं राहून बस पाहत असतं.

इथे उदाहरणाची एक खोड सांगायला हवी. वेग ते ताशी किलोमीटरमध्ये सांगतं आणि वेळ सेकंदांत. ही खोड मुद्दामची आहे, आणि चांगली आहे. 36 किलोमीटर म्हणजे 36000 मीटर. एक तास म्हणजे 3600 सेकंद. म्हणजे बस सेकंदाला 10 मीटर जाते. बहुतेक ठिकाणी मुलांना 'पाच छेद अठराने गुण' एवढंच पाठ करवतात. काम होतं, पण त्या पाच आणि अठरामागे मीटर आणि सेकंद होते हे मूल विसरतं. एकदा तरी हाताने करून पाहावं. ताशी 36 हा आकडा स्पीडोमीटरवर दिसतो. सेकंदाला 10 मीटर हे डोळ्यांसमोर उभं राहतं. एक सेकंद, आणि वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीच्याही पलीकडे.

आता वेग 20 सेकंदांत 0 वरून 10 वर गेला, म्हणजे दर सेकंदाला अर्ध्या मीटर प्रति सेकंदाने वाढला. हेच त्वरण, 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. वेग सारखा वाढत गेला तर सरासरी वेग सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाच्या बरोबर मध्ये असतो, 5. असे 20 सेकंद, म्हणजे 100 मीटर. शाळेच्या मैदानावरची शंभर मीटरची शर्यत जो धावला आहे त्याला हे अंतर पायांनी माहीत असतं. उत्तर आलं की ते असं ओळखीच्या जागी ठेवून पाहावं. 100 च्या जागी 7200 आले असते, तर बस 20 सेकंदांत सात किलोमीटर गेली असती. अशा उत्तराची चूक शोधायला पुस्तकाचं शेवटचं पान उघडावं लागत नाही.

या उदाहरणाच्या घरी तीन समीकरणं नांदतात. मुलं ती मंत्रासारखी म्हणतात: व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी; एस इज इक्वल टू यूटी प्लस हाफ एटी स्क्वेअर; व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू एएस. पाठांतर पक्कं असतं, पण कोणतं कधी बोलवायचं ते कळत नाही, म्हणून एकेक करून तिन्ही लावून पाहण्यात पान भरतं. तिघांचा स्वभाव नीट पाहिला तर हा घोळ राहत नाही. तिघांपैकी प्रत्येकाने पाचांतल्या एकाशी अबोला धरलेला आहे. पहिलं एसचं नाव काढत नाही. दुसरं व्हीचं काढत नाही. तिसऱ्याला टीशी काही देणंघेणं नाही. उदाहरणात जे दिलेलंही नाही आणि विचारलेलंही नाही, ते अक्षर शोधायचं, आणि ज्याचा त्याच्याशी अबोला आहे त्या समीकरणाला हाक मारायची. वेळ दिली नाही, विचारलीही नाही? मग तिसरं. हे एवढं कळलं की माझ्या विद्यार्थ्यांचे खांदे सैल झालेले मी पाहिले आहेत. आता ते अंदाजाने दार ठोठावत नाहीत.

मात्र तिघांचीही एक अट आहे: त्वरण एकसमान हवं. ही अट मोडली तर तिघेही काम सोडतात. त्यावर पुढे येतोच.

दिशेच्या बाबतीत हे उदाहरण फार काटेकोर आहे. अंतर आणि विस्थापन यांत ते कधी गल्लत करत नाही, आणि करूही देत नाही. यवतमाळकरांना ही गोष्ट समजवायला परगावचं काही आणावं लागत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी नॅरोगेज, म्हणजे आपली शकुंतला. ब्रिटिश काळात किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी उभारलेली. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं, आणि आता ती बंद आहे. दारव्हा-मोतीबाग, कारंजा करत मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटर. समजा त्याला सात तास लागले. 113 भागिले 7, म्हणजे ताशी साधारण 16 किलोमीटर. ही सरासरी चाल. मग ती न थांबता तेवढाच वेळ घेऊन परत यवतमाळला आली. अंतर 226 किलोमीटर झालं, चाल तीच राहिली. विस्थापन? शून्य. पूर्ण फेरीचा सरासरी वेगही शून्य. इथे मुलं नेहमी भडकतात. "एवढी गाडी चालली, कोळसा जळला, अन् वेग शून्य कसा म्हणता जी?" त्यांचा राग मला आवडतो, कारण त्यात विज्ञानाला विचारलेला खरा सवाल आहे. उदाहरणाचं उत्तर मात्र ठाम असतं. तू किती चाललास हा एक प्रश्न, आणि निघालास तिथून किती दूर आणि कोणत्या दिशेला पोचलास हा दुसरा. दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून दोघांना दोन नावं दिली आहेत.

याहून मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्याने दिलं आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापण्याजोगं आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात 2019 च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर घालण्यात आली. जूनमध्ये तो टिपेश्वर सोडून निघाला. महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले जिल्हे ओलांडत, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते पार करत तो अखेर बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरच्या नोंदींवरून हिशेब निघाला तो सुमारे 3000 किलोमीटरचा, साधारण नऊ महिन्यांत. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं.

आता नकाशावर टिपेश्वर ते ज्ञानगंगा सरळ रेघ ओढा. ती सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते. अंतर 3000, विस्थापन अडीचशेच्या आत. हा फरक वर्गात सांगितला की मुलं वहीत काही लिहीत नाहीत, आधी ऐकतात. मग एखादी मुलगी हिशेब करते: नऊ महिन्यांचे 270 दिवस धरले तर रोजचे 11 किलोमीटर, ताशी अर्धा किलोमीटरही नाही. "वाघ इतक्या हळू चालते?" नाही, वाघ इतका हळू चालत नाही. या सरासरीत त्याची झोप आहे, दुपारी नाल्याच्या सावलीत पडून राहणं आहे, शिकारीनंतर एकाच जागी काढलेले दिवस आहेत. सरासरी चाल सगळ्या प्रवासाबद्दल खरं बोलते आणि त्यातल्या एकाही क्षणाबद्दल काही सांगत नाही. वाघाच्या चालीला आपली तीन समीकरणं लावता येत नाहीत, कारण त्याचं त्वरण क्षणोक्षणी बदलतं. तिथे फक्त नोंदी उरतात: अमुक वाजता अमुक ठिकाणी. कॉलर उपग्रहाच्या मदतीने हेच करत होती. स्थान आणि वेळ यांचा तक्ता, म्हणजे गतीच्या धड्यातला पहिला तक्ता, वाघाच्या गळ्यात बांधलेला.

मग अमुक एका क्षणी वेग किती, हे कसं सांगायचं? हा प्रश्न या उदाहरणाच्या वाडवडिलांनाही पडला होता, आणि त्यातले एक आपल्याच भागाशी नातं सांगणारे आहेत. भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यांच्या नातवाने कोरवून घेतलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. ग्रहाचं आजचं स्थान आणि उद्याचं स्थान यांतला फरक ही त्याची दिवसाची गती. पण ग्रह दिवसभर एकाच गतीने जात नाही, म्हणून त्या त्या क्षणाची 'तात्कालिक गती' वेगळी काढायला हवी, हे त्यांनी मांडलं. धड्यातला तात्कालिक वेग मुलांना रुक्ष वाटतो. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी आकाशाकडे पाहणाऱ्या एका माणसाला त्याची गरज पडली होती, हे सांगितलं की तो शब्द वहीतून जरा वर येतो.

दुसरे वाडवडील इटलीचे गॅलिलिओ. पडणारी वस्तू इतक्या झपकन खाली येते की त्या काळच्या घड्याळांनी ती मोजता येईना. मग त्यांनी पडणं मंद केलं: लाकडी तुळईत गुळगुळीत खाच कोरली, तुळई तिरपी ठेवली, खाचेतून काशाची गोळी सोडली, आणि भांड्यातून धारेने पडलेलं पाणी तोलून वेळ मोजली. वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट, तिप्पट झाली की नऊपट. 1638 मध्ये छापलेल्या त्यांच्या पुस्तकात हे आहे. दुसऱ्या समीकरणातला तो अर्धा एटी स्क्वेअर, ज्याच्यातला वर्ग मुलं परीक्षेत लिहायला विसरतात, तो या खाचेतून आला आहे.

हा प्रयोग घाटंजीच्या पोराला घाटंजीत करता येतो. दोन मीटरची पीव्हीसी नळी उभी चिरून घ्यायची, एक टोक वीतभर उंच ठेवायचं, काचेचा कंचा सोडायचा आणि मोबाइलवर चित्रीकरण करायचं. ते सावकाश चालवून, सारख्या वेळाचे ठोके धरून पाहिलं की पहिल्या ठोक्याला कंचा 10 सेंटिमीटरच्या जवळ असेल, तर दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 90, चौथ्याला 160 च्या आसपास दिसतो. प्रत्येक ठोक्यातलं वेगळं अंतर घेतलं तर 10, 30, 50, 70. विषम संख्यांची ही रांग गॅलिलिओंनाही दिसली होती. ज्या मुलाने ती एकदा स्वतः मोजली, ते पुढे कधी तो वर्ग विसरत नाही.

या उदाहरणाचं एक चित्रही असतं. वेग-काल आलेख. आडवी वेळ, उभा वेग. विरामावस्थेतून निघालेल्या बसची रेघ मूळबिंदूतून तिरपी वर जाते. तिची चढण म्हणजे त्वरण. आणि रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. हे दुसरं मुलांच्या गळी उतरत नाही. क्षेत्रफळ तर जमिनीचं असतं, मग त्यातून मीटर कसे निघतील? पण शेतकऱ्याच्या घरातलं मूल इथे पुढे असतं. नाल्याने तिरपं कापलेलं तिकोनी वावर चौकोनी वावराच्या निम्मं भरतं, हे त्याला बियाण्याच्या हिशेबातून ठाऊक असतं. तसाच हा त्रिकोण: पाया 20 सेकंद, उंची 10 मीटर प्रति सेकंद, आणि गुणाकाराचं निम्मं, म्हणजे 100 मीटर. सेकंद आणि मीटर प्रति सेकंद यांचा गुणाकार केला की सेकंद जातात, मीटर उरतात. फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी चौदाव्या शतकात असाच त्रिकोण काढून हेच दाखवलं होतं, गॅलिलिओंच्या कितीतरी आधी. ज्याला समीकरणांची भीती वाटते त्याने आधी हा आलेख काढावा. पुष्कळदा उत्तर तिथेच निघतं आणि समीकरण नंतर सवडीने पटतं.

चेंडूच्या बाबतीत मात्र आलेख काढूनही वाद होतो. मैदानावर चेंडू सरळ वर फेकला, तो वर गेला, क्षणभर थबकला आणि खाली आला. "वर गेल्यावर चेंडू थांबते, मंग त्वरण बी शून्यच ना सर?" हुशार मुलंही हे विचारतात. उदाहरण इथे तसूभरही हलत नाही. सर्वांत वरच्या बिंदूला वेग शून्य असतो, त्वरण 9.8 च असतं, खालच्या दिशेने. तिथे त्वरणही शून्य असतं, तर वेग बदललाच नसता आणि चेंडू तिथेच अधांतरी राहिला असता. वर जाण्याची दिशा धन धरली असेल तर त्वरणाला ऋण चिन्ह द्यायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. चेंडू खाली वळला म्हणून चिन्ह बदलायचं नाही. सेकंदाला 9.8 मीटर वेगाने फेकलेला चेंडू बरोबर एक सेकंद वर जातो आणि 4.9 मीटर उंची गाठतो. आणखी एका सेकंदाने तो हातात परत येतो. हे मैदानावर मोजता येतं, मोजावं.

मला या उदाहरणाबद्दल खरी आस्था वाटते ती त्याच्या दुसऱ्या एका रूपामुळे. 'ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या चालकाने ब्रेक लावले. ऋण त्वरण 4 मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर वाहन किती अंतरावर थांबेल?' पानावर ते इतरांसारखंच निमूट बसलेलं असतं. पण कापसाच्या दिवसांत, संध्याकाळच्या धुरकट अंधारात, पांढरकवड्याच्या किंवा आर्णीच्या रस्त्यावर ज्याने गाडी चालवली आहे, त्याला ते वाचताना त्या सांजेचा रस्ता दिसतो. पुढे कापूस भरलेली बंडी चाललेली असते. तिला मागे लाल दिवा नसतो.

पाच अक्षरं मांडू. यू 72, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. व्ही शून्य. ए उणे 4. एस विचारलं आहे. टी दिलेलं नाही, विचारलेलंही नाही, म्हणून तिसरं समीकरण. शून्य बरोबर 400 उणे 8 एस. एस बरोबर 50 मीटर. पुस्तकाचं उत्तर इथे संपतं. पण समजा बंडी दिसली तेव्हा ती 60 मीटरवर होती. 50 मीटरमध्ये गाडी थांबते, म्हणजे दहा मीटर शिल्लक? नाही. डोळ्याला बंडी दिसली, मेंदूने ओळखली, पाय ब्रेककडे गेला, यात एक सेकंद गेला असं धरा. त्या एका सेकंदात गाडी 20 मीटर पुढे गेलेली असते, वेग तसूभरही कमी न होता. 20 आणि 50 मिळून 70. बंडी 60 वर होती.

तीच गाडी ताशी 36 ने चालली असती तर? विचारात गेलेल्या सेकंदाचे 10 मीटर, आणि ब्रेक लावल्यानंतरचे साडेबारा. एकूण साडेबावीस. वेग निम्मा केला तर ब्रेक लावल्यानंतरचं अंतर निम्मं होत नाही, पाव होतं. तिसऱ्या समीकरणात वेगाच्या डोक्यावर वर्ग आहे म्हणून. हा वर्ग नववीच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला स्वतःच्या हाताने सोडवून कळावा, असं मला मनापासून वाटतं. चार वर्षांत त्यांतली कितीतरी जण मोटारसायकलवर बसणार असतात. 'सावकाश चालव' हे आईचं वाक्य त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. त्या वाक्यात किती मीटर असतात ते हे उदाहरण दाखवतं. म्हणून मी वर्गात हे उदाहरण कधीच घाईने सोडवत नाही. मैदानावर चुन्याच्या रेघा मारून साडेबावीस मीटर आणि सत्तर मीटर चालून दाखवायला लावतो. सत्तरच्या रेघेशी पोचलेली मुलं मागे वळून पाहतात तेव्हा त्यांच्याशी वेगळं बोलावं लागत नाही.

गृहपाठाला बसताना एकदम दहा उदाहरणं समोर घेऊ नयेत. एक घ्यावं. ते दोनदा वाचावं, दुसऱ्यांदा मोठ्याने. रेघ, बाण, पाच अक्षरं. एकक जुळवावं. अडलं तर 'मला काय दिलंय' याची यादी पुन्हा तपासावी. बहुतेक वेळा तिथे शब्दांच्या पोटातला एखादा शून्य राहून गेलेला असतो. तरीही अडलं, तर शिक्षकांकडे कोरी वही घेऊन जाऊ नये, ही यादी घेऊन जावं. यादी पाहून शिक्षकाला नेमकी अडचण दिसते, आणि मुलालाही 'मला काहीच येत नाही' ऐवजी 'मला हे एक येत नाही' असं म्हणता येतं.

एक उदाहरण पोरांनी स्वतः तयार करावं. 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा-कळंब ही ब्रॉडगेज सुरू झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या मार्गाचा तो पहिला तुकडा. कळंबला खिडकीशी बसायचं, मोबाइलवर घड्याळ लावायचं आणि रुळांच्या कडेला किलोमीटरची पाटी दिसली की वेळ टिपायची. एका किलोमीटरला जितके सेकंद लागले त्यांनी 3600 ला भागलं की ताशी वेग मिळतो. समजा लागोपाठच्या तीन किलोमीटरांना 90, 72 आणि 60 सेकंद लागले. वेग आले 40, 50 आणि 60. मुलं लगेच म्हणतात, दर वेळी 10 ने वाढला, म्हणजे त्वरण एकसमान. पण हे तिन्ही सरासरी वेग आहेत, आणि सरासरी वेग त्या त्या टप्प्याच्या मधल्या क्षणाचा धरायचा असतो. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधल्या क्षणांत 45 आणि 36 मिळून 81 सेकंद गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये 36 आणि 30 मिळून 66. तेवढाच वेग वाढायला दुसऱ्यांदा कमी वेळ लागला, म्हणजे त्वरण वाढत होतं. या गाडीला आपली तीन समीकरणं लावायची नाहीत. आलेख काढायचा आणि त्याखालचं क्षेत्रफळ मोजायचं.